खुंटा कुणी रोवायचा?

वाचकहो, नाकाडोंगरीच्या मास्तराने होडीवर लेख लिहावा, हे पाहून आपल्यापैकी काहींना हसू येईल. येऊ द्या. आमचे गाव भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्यप्रदेशच्या सीमेला पाठ टेकून बसलेले. भोवती सागाचे रान, थोडे पलीकडे गेले की मँगनीजच्या खाणी. समुद्र येथून शेकडो कोस दूर. वर्गात भरती-ओहोटी शिकवायची वेळ आली की मी फळ्यावर एक चंद्र काढतो, त्याखाली एक वाकडी रेघ काढतो, आणि तो समुद्र आहे असे मुलांना सांगतो. मुले माना डोलावतात. पण ती समजले म्हणून डोलवत नाहीत, मास्तरांचा मान राखायचा म्हणून डोलवतात.

तरीही मी होडीवर लिहिणार आहे, आणि गोड लिहिणार नाही. फराळाच्या ताटात चकलीशेजारी एखादी तळलेली मिरची असते. ज्याला सोसेल त्याने घ्यावी. तशीच ही समजा.

गोष्ट अशी घडली. काही वर्षांपूर्वी वैशाखातल्या एका दुपारी आमच्या भागात वादळ आले. आमच्याकडची वादळे कोकणासारखी दोन दोन दिवस आधी निरोप धाडून येत नाहीत. उकाडा असह्य होतो, पश्चिमेकडे धुळीची भिंत उभी राहते, आणि चहा गाळून होईस्तोवर घरावरची कौले अंगणात येतात. पंधरा-वीस मिनिटांचा खेळ. पुन्हा ऊन पडते, जणू काही झालेच नाही. त्या वीस मिनिटांत धरणाच्या पाण्याकाठी बांधून ठेवलेला एका ढिवराचा डोंगा दगडांवर आपटून आपटून फुटला. त्या ढिवराचा मुलगा माझ्या वर्गात सातवीला होता. गणितात हुशार. चार दिवसांनी बाप शाळेत आला आणि दाराशीच उभा राहून म्हणाला, "गुरजी, पोरगा आता साळंत येनार नाही जी. डोंगा गेला. आता माह्यासंग कामाले येते."

मी त्याला घेऊन एका कचेरीत गेलो. कोणत्या कचेरीत ते सांगत नाही. नाव सांगून एकट्या माणसाला उघडे पाडण्यात मला रस नाही, कारण तो जे बोलला ते आपण सगळेच मनातल्या मनात बोलत असतो. त्याने विचारले, "वादळात डोंगा चालवत होतास काय?" ढिवर म्हणाला, "नाही जी, बांधून ठेवला होता." त्यावर साहेबांनी कागद बाजूला सारला आणि उत्तर दिले, "मग नीट बांधला नसशील."

नीट बांधला नसशील! एवढ्या तीन शब्दांत एका संसाराचा निकाल लागला. त्या दिवसापासून हे तीन शब्द माझ्या कानातून गेलेले नाहीत. हा सगळा लेख म्हणजे त्या तीन शब्दांना मी देत असलेले उशिराचे उत्तर आहे. मी अभियंता नाही, पदवीधरही नाही. शाळेत शिकवावे आणि रात्री कादंबऱ्या लिहाव्यात एवढाच माझा व्यवसाय. पण उत्तर द्यायचे ठरवले तेव्हा मी ढिवरांना विचारले, मे महिन्याच्या सुट्टीत हर्णैच्या किनाऱ्यावर जाऊन तिथल्या नाखव्यांना विचारले, मिळाले तेवढे वाचले. त्यातून जे समजले ते आता सांगतो.

पहिली गोष्ट ही की होडी बांधणे म्हणजे गाय बांधणे नव्हे. गायीचा दोर आखूड ठेवला तर गाय जागेवर राहते. होडीचा दोर आखूड ठेवला तर होडी जाते. पाणी चढते, लाट तिला उचलते, आणि आखूड दोर तिला खाली ओढून धरतो. मग एकतर दोर तुटतो, नाहीतर खुंटा उपटतो, नाहीतर होडीच्या फळीतली कडी उचकटून निघते. नांगराचेही तेच. अडाणी माणसाला वाटते की नांगर आपल्या वजनाने होडी धरून ठेवतो. नाखवा मला हसून म्हणाला, "मास्तर, वजनाने नाय, नखांनी धरतो." नांगराची नखे तळाच्या चिखलात रुतली पाहिजेत, आणि ती रुततात ओढ आडवी असली तरच. म्हणून पाणी जेवढे खोल असेल त्याच्या पाचपट-सातपट दोर सोडायचा, आणि नांगराजवळ काही हात लोखंडी साखळी जोडायची. साखळी जड असते; ती तळाशी लोळत राहते, लाटेचा हिसका आधी तिला उचलण्यात खर्ची पडतो, नांगरापर्यंत पोचेस्तोवर त्याचा जोर ओसरतो. आखूड दोर मात्र नांगराला वर खेचतो, आणि वर खेचलेला नांगर चिखलातून मुळ्यासारखा उपटून येतो.

दुसरे, होडीची नाळ वाऱ्याच्या तोंडाला हवी. आडवी सापडलेली होडी म्हणजे गालफडात मारून घ्यायला पुढे केलेला गाल. तिसरे, दोर जिथे कडेवर घासतो तिथे त्याला गोणपाट, जुनी नळी, काहीतरी गुंडाळायचे. वादळात दोर ओढीने तुटतो त्याहून अधिक वेळा घासून तुटतो. चौथे, दोर दुहेरी हवा. पाचवे, धक्क्याला लागलेल्या होडीच्या अंगाला जुने टायर टांगायचे. सहावे, होडीवर ताडपत्री, छप्पर, निशाण जे जे वारा धरते ते ते उतरवून टाकायचे. सातवे, आत साचलेले पाणी उपसायचे. आणि आठवे, होडीला होडी खेटून बांधायची नाही. खेटून बांधलेल्या होड्या वादळात एकमेकींना कुटून काढतात.

या शेवटच्या गोष्टीचा दाखला तर आपल्या इतिहासातच आहे. विजयदुर्गच्या पाण्यात फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचे आरमार एका जागी दाटीने नांगरलेले होते. इंग्रजांच्या तोफेचा गोळा एका जहाजावर पडला, ते पेटले, आणि त्या एकाने बाकी सगळी पेटवली. ज्या आरमाराचा दरारा पश्चिम समुद्रावर होता ते आपल्याच बंदरात, आपल्याच दोरांनी बांधलेले असताना राख झाले. त्या इंग्रजांना खुद्द पेशव्यांची साथ होती, हे दुःख वेगळे. पण नौका बांधण्याच्या शास्त्रातला धडा स्पष्ट आहे: संकट आगीचे असो की वाऱ्याचे, जागा अपुरी असली की एकाचे मरण सगळ्यांचे मरण होते.

आता मी विचारतो: या आठ गोष्टींपैकी कोणती आमच्या ढिवराला ठाऊक नव्हती? मी त्याला एकेक विचारून पाहिले. साखळी सोडली तर सगळ्या ठाऊक होत्या, आणि साखळी ठाऊक असूनही परवडत नव्हती. उलट त्याने मला दोन गोष्टी अधिक सांगितल्या. उन्हाळ्यात काम नसले की डोंगा दगड भरून मुद्दाम पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड तडकत नाही, आणि बुडालेल्याला वारा काय बुडवणार? आणि दुसरी गोष्ट ही की त्याने डोंगा उत्तम बांधला होता. दोर तुटला नव्हता. गाठही सुटली नव्हती. खुंटाच उपटला होता.

येथे, वाचकहो, माझ्या लेखाचा खरा विषय सुरू होतो. दोर ढिवराचा, गाठ ढिवराची, डोंगा ढिवराचा. खुंटा कुणाचा? काठ कुणाचा?

गावच्या जुन्या तलावाला घाट होता. आमच्या या भागात कोहळी लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी तलाव बांधले. त्यांना आपण मालगुजारी तलाव म्हणतो. ते आटोपशीर. एका काठावरून हाक मारली तर बहुधा दुसऱ्या काठावर ऐकू जावी. अशा पाण्यावर वादळ आले तरी लाट मोठी होत नाही, कारण वाऱ्याला धाव घ्यायला जागाच नसते. मग आपण धरणे बांधली. मी धरणांच्या विरुद्ध नाही. बावनथडीचे पाणी शेताला मिळाले तर कुणाला नको आहे? पण धरण बांधले की पाण्याचा पत्रा कोसाकोसांचा होतो. तेवढ्या लांबून वारा पाण्यावर धावत येतो आणि काठाशी समुद्राची आठवण करून देणारी लाट आदळते. शिवाय हे पाणी एका जागी राहत नाही. कार्तिकात जिथे काठ असतो तिथून जेष्ठापर्यंत पाणी कितीतरी मागे सरते, आणि आषाढ-श्रावणात पुन्हा झाडांच्या बुंध्यांपर्यंत चढते. ढिवराने खुंटा रोवायचा तरी कुठे? तो दर पंधरा दिवसांनी नवा खुंटा ठोकतो, आणि ठोकतो तो कालपरवापर्यंत पाण्याखाली असलेल्या लदलदीत मातीत. त्या मातीत खुंटा म्हणजे लोण्यात काडी.

पाण्याचे रूप आपण बदलले. त्यातून मिळणारे पाणी घेतले, वीज घेतली, मासळीवर ठेका आकारला. त्या पाण्याच्या काठी चार पक्के खांब मात्र कुणी रोवले नाहीत. आणि डोंगा फुटला की म्हणायचे, नीट बांधला नसशील!

कुणी म्हणेल, मास्तर, तुमचे हे तळ्यातले तुफान आहे. यात माणसे थोडीच मरतात? तर ऐका. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या फुगवट्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. ते पाणी धरणाचे होते, समुद्राचे नव्हते. ती होडी त्या संध्याकाळी काठाला बांधलेली असायला हवी होती. वादळ येते आहे, होडी सोडू नका, असे सांगणारा एक भोंगा दोन्ही काठांवर असता, तर काय बिघडले असते?

आणि आता समुद्राकडे चला. तिथे तरी सारे ठाकठीक आहे असे समजू नका. जुन्या काळी कोकणातला नाखवा पावसाळ्याच्या तोंडाशी होडी ओढून किनाऱ्यावर घेई, झावळ्यांनी शाकारून ठेवी, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन मगच पुन्हा पाण्यात लोटी. अवेळी वादळ उठले तर खाडीत शिरायचे; दोन्ही बाजूंना डोंगर, काठाला कांदळवन, आत गाळाचा मऊ तळ, नांगराला घट्ट धरणारा. वेस्ट इंडीजच्या बेटांवरचे लोकही चक्रीवादळात आपल्या नौका कांदळवनातल्या ओढ्यांत नेऊन झाडांना बांधतात. जगभरच्या दर्यावर्दी माणसांनी स्वतंत्रपणे एकच उत्तर शोधावे, याहून मोठा पुरावा कोणता? वाघोटनच्या खाडीत मराठ्यांनी आपल्या जहाजांसाठी खडकात गोदी कोरली. आरमार म्हणजे केवळ तोफा आणि शिडे नव्हेत, ते ठेवायची निवाऱ्याची जागाही हवी, हे अडीचशे वर्षांपूर्वी ज्यांना कळत होते ते काही पदवीधर नव्हते.

आज काय आहे? हर्णैला मासळीचा लिलाव एवढा मोठा की पाहणाऱ्याचे डोळे फिरावेत. पण मी गेलो तेव्हा नौका उघड्या समुद्रात नांगरलेल्या होत्या आणि मासळी बैलगाडीने पाण्यातून किनाऱ्यावर येत होती. वादळाची सूचना आली की तिथले नाखवे आंजर्ल्याच्या नाहीतर दाभोळच्या खाडीकडे पळतात. खाडीच्या तोंडाशी गाळ. भरती असेल तरच आत शिरता येते. वादळ काही भरतीचे वेळापत्रक पाहून येत नाही.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने चढले. ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा. त्याच दिवशी रत्नागिरीजवळ नांगरलेले एक जहाज नांगरासकट ओढले जाऊन मिऱ्याच्या बंधाऱ्यावर येऊन बसले. एवढे लोखंडी जहाज जिथे ठरले नाही, तिथे कोळ्याच्या होडीने ठरावे ही आपली अपेक्षा! पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' आले. देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगरून ठेवलेल्या नौका बुडाल्या. त्या नौकांवर राखणीला खलाशी होते. त्यांतले काही परत आले नाहीत.

याच वादळात बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा कामगारांच्या राहण्याचा तराफा होता. त्यावर २६१ माणसे. सूचना आधी मिळाली होती; तरीही तराफा बंदरात आला नाही, नांगरांच्या भरवशावर जागेजवळच राहिला. नांगर एकामागून एक तुटले, तराफा भरकटला, १७ मे रोजी बुडाला. सत्तरहून अधिक माणसे गेली. या दोन घटना मी मुद्दाम शेजारी ठेवतो. गरिबाची होडी आणि श्रीमंताचा तराफा, दोघांनाही एकाच चुकीने मारले: वादळात सामान सांभाळायला माणूस ठेवला.

पण दोघांतला फरकही पाहा. तराफ्यावरचा कामगार राहिला तो दुसऱ्याने ठेवला म्हणून. होडीवरचा खलाशी राहतो तो पोटाने ठेवले म्हणून. त्याला ठाऊक असते की रात्री नांगर सरकला तर कुणीतरी इंजिन चालू करून होडीचे तोंड वाऱ्याकडे धरले पाहिजे, दोर सैल केला पाहिजे, पाणी उपसले पाहिजे. त्याला हेही ठाऊक असते की होडी गेली तर हातात काय पडणार आणि कर्ज किती उरणार. आपण रेडिओवरून सांगतो, "मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये." उत्तम. पण बंदरातल्या होडीवर झोपू नये, असे त्याला कोणत्या तोंडाने सांगणार? होडी गेली तर आम्ही भरून देऊ, असे सांगायची तयारी आहे काय? नसेल तर आपला तो उपदेश म्हणजे उपाशी माणसाला सांगितलेले एकादशीचे माहात्म्य होय.

काही लोक लगेच म्हणतील की हा निसर्गाचा कोप आहे. मी हा शब्द वर्गात मुलांना निबंधात लिहू देत नाही. ज्याची वार्ता दोन-तीन दिवस आधी वेधशाळा देते त्याला कोप कसे म्हणावे? वादळ निसर्गाचे असते. उघडे बंदर माणसाचे असते. गाळाने बुजलेली खाडी माणसाची असते.

दुसरे म्हणतील, पैसा कुठे आहे? लाटा अडवणारी भिंत बांधायची म्हणजे कोट्यवधींचे काम. खरे आहे. पण पैसा नाही असे आपण नेमके कधी म्हणतो हे मी पाहत आलो आहे. मुंबईत हौशी लोकांच्या नौकांसाठी मरीना उभारण्याच्या योजना निघतात तेव्हा पैशाची अडचण कुणाला आठवत नाही. मरीना म्हणजे नौकांचा वाहनतळ. तिथे तरंगते धक्के असतात, पाणी चढले की धक्का खांबांवरून वर सरकतो, नौकाही त्याच्याबरोबर वर येते, दोराला हिसका म्हणून बसत नाही. सुंदर युक्ती आहे! फक्त खांब सर्वांत मोठ्या पुराहून उंच हवेत, नाहीतर सारा धक्का नौकांसकट खांबांवरून निसटून वाहून जायचा. ही युक्ती हौशी नौकेला लागू पडते आणि मासेमारीच्या होडीला पडत नाही, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

आणि हा प्रश्न आता मुंबईचा राहिलेला नाही. आमच्याच जिल्ह्यात, वैनगंगेवरच्या गोसेखुर्द जलाशयावर, जलपर्यटनाचा मोठा प्रकल्प शासनाने हाती घेतला आहे. पाहुणे येतील, वेगाच्या बोटी येतील, त्यांना बांधायला धक्के येतील. येऊ द्यात, मला आनंदच आहे. आमच्या पोरांना काम मिळेल. पण त्या धक्क्याच्या शेजारी ढिवरांच्या डोंग्यांना जागा असेल काय? की धक्क्यावर पाटी लागेल, "येथे डोंगे बांधू नयेत"? पाहुण्यांची बोट निवाऱ्यात आणि त्या पाण्यावर पोट भरणाऱ्याचा डोंगा लदलदीच्या काठावर, असे झाले तर मी पुन्हा लिहीन, आणि त्या वेळी एवढेही गोड लिहिणार नाही.

केवळ रागावून मास्तराचे काम होत नाही. उत्तरही लिहून द्यावे लागते. माझ्या मागण्या फार नाहीत. प्रत्येक मोठ्या जलाशयाच्या काठी, वाऱ्याची ओढ कमी असलेल्या वळणावर, चढत्या-उतरत्या पाण्याला पुरतील असे पायरीपायरीने पक्के खांब रोवा. डोंगा ओढून वर घेता येईल असा एक उतार बांधा. काठावर भोंगा लावा आणि वेधशाळेची सूचना आली की तो वाजवणारा एक माणूस नेमा. प्रत्येक डोंग्याची नोंद ठेवा, म्हणजे फुटला तर तो होता की नव्हता यावर वाद होणार नाही. समुद्रकाठी खाडीच्या तोंडाचा गाळ दर वर्षी पावसाळ्याआधी काढा आणि कांदळवनाला हात लावू नका. आणि सर्वांत महत्त्वाचे: वादळाच्या रात्री होडीवर कुणीही राहायचे नाही असा सक्त हुकूम काढा; पण त्याच हुकुमाच्या पुढच्या ओळीत लिहा की हुकूम पाळून घरी आलेल्याची होडी गेली तर तिची पुरी किंमत मिळेल. दुसरी ओळ नसेल तर पहिली लिहू नका. ती कुणी पाळणार नाही आणि पाळू शकणारही नाही.

मच्छीमार बांधवांनाही दोन शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण खोटी तरफदारी मला येत नाही. जुना विटका दोर "अजून एक हंगाम काढील" म्हणून वापरता, ते सोडा. चार होड्या एका खुंट्याला बांधता, ते सोडा. सोसायटीच्या सभेला जाऊन खांबांची मागणी लेखी करा. तोंडी मागणीला कचेरीत कान नसतात. तुमचे चुकते तेथे मी चुकते म्हणेन. पण तुमची चूक चार आण्यांची आणि आमची बारा आण्यांची आहे, हा हिशोब मात्र मी कुणालाही विसरू देणार नाही.

तो मुलगा पुन्हा शाळेत आला काय, असे आपण विचाराल. नाही आला. बापाबरोबर वीटभट्टीवर गेला. मध्यंतरी बाजारात भेटला, माझ्याहून उंच झालेला. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "गुरजी, अपूर्णांक अजून येते मला." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसरे काही सुचले नाही.

आज आपल्या दारात पणत्या लागलेल्या असतील. घरातले लहान मूल पणती घेऊन उंबऱ्याकडे निघते तेव्हा आजी काय करते ते पाहा. वात नीट वळली नसशील, असे ती मुलाला म्हणत नाही. ती उठते आणि वाऱ्याच्या बाजूने आपला हात आडवा धरते. तेल मुलाने घातलेले असते, वात मुलाने वळलेली असते. आडोसा मोठ्यांनी द्यायचा असतो. आपण सगळे मिळून एवढे मोठे झालो आहोत ना? मग त्या काठावर खुंटा आपण रोवायचा.